ट्रकची उचकी



वर्ग सुटल्यावर माझ्या ट्रकचे बॉनेट उघडे दिसले की तुमच्यापैकी चार-पाच जण तरी धावत येतात आणि विचारतात, "काका, आज पण बिघडला?" आज बिघडलेला नसतो, मी फक्त तेल बघत असतो. पण एकदा नाव खराब झाले की झालेच. बाईंनी या अंकासाठी काहीतरी लिहून द्या म्हटल्यावर ठरवले, की त्या प्रश्नाचे एकदाच सविस्तर उत्तर देऊन टाकावे.

आधी ट्रकची ओळख. २००५ सालचा डिझेल पिकअप. २०१९ मध्ये जॉन्स्टन काउंटीतल्या एका शेतकऱ्याकडून जुना घेतला, तेव्हाच तो १,६०,००० मैल चाललेला होता. कॅरीत कॉम्प्युटरसमोर बसून पोट भरणाऱ्या माणसाला एवढे धूड कशाला, हे आमच्या सौ.नी तेव्हा विचारले होते आणि अजूनही अधूनमधून विचारतात. माझे उत्तर ठरलेले आहे: कॅम्पिंगचा ट्रेलर ओढायला आणि भाद्रपदात गणपतीचे मखर, सतरंज्या नि लाकडी स्टेज वाहायला. कंपनीचे नाव लिहीत नाही. वीस वर्षांची गाडी आजारी पडली तर त्यात कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही.

आजार पहिल्यांदा कळला तो एप्रिल २०२४ मध्ये. शाळेला वसंताची सुट्टी होती. ट्रेलर मागे लावून आम्ही आय-४० ने अ‍ॅशव्हिलकडे निघालो होतो. पुढे सौ., मागच्या सीटवर आमची धाकटी आणि तिची मैत्रीण. ओल्ड फोर्ट गाव सोडले की रिजक्रेस्टपर्यंत लांबलचक चढ आहे. ज्यांनी पुणे-सातारा रस्त्यावरचा खंबाटकी घाट पाहिला आहे त्यांनी तसाच समजावा, फक्त रस्ता जास्त रुंद आणि वेग दुप्पट. या चढावर इंजिन अडखळले. अर्धा सेकंद जणू श्वास घ्यायला विसरले आणि पुन्हा जोरात चालू. दोन वळणांनंतर परत तेच. तिसऱ्या वेळी मात्र तीन-चार सेकंद पाय दाबतोय आणि गाडी पुढे जायलाच तयार नाही. आरशात पाहिले तर मागे अठरा चाकी ट्रक. त्याने भोंगा वाजवत लेन बदलली तेव्हा आमचा ट्रेलर हलला. मग काहीच झाले नाही अशा थाटात इंजिन सुरळीत.

वर पोहोचून बाजूला थांबलो. माझे हात कापत होते. मागून आवाज आला, "बाबा, ट्रकला उचकी लागली! कोण आठवण काढतंय त्याची?" उचकी लागली की कुणीतरी आठवण काढत असते, हे तिला आजीने शिकवलेले. दोघी खिदळत होत्या. सौ. अ‍ॅशव्हिल येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. रात्री एवढेच म्हणाल्या, "गणपतीपर्यंत हा बरा झाला तर ठीक. नाहीतर विकायचा. मुलींना घेऊन मी यात परत बसणार नाही."

त्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला होते. म्हणजे माझ्या हातात पाच महिने.

महाराष्ट्रात अशा गाडीला "मिसिंग मारते" म्हणतात आणि जोर धरत नसेल तर "पिकअप घेत नाही" म्हणतात. आमचा पिकअपच पिकअप घेत नव्हता. हा विनोद मी त्या उन्हाळ्यात इतक्यांदा केला की घरात तो करायला बंदी झाली.

इथे मुलांसाठी थोडे थांबतो. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडायला स्पार्क प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात तो नसतोच. सायकलचा पंप भराभर मारून त्याच्या नळीला हात लावा, ती गरम झालेली असते. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिन सिलिंडरमधली हवा साधारण सतराव्या हिश्शाइतक्या जागेत दाबते. ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तिच्यात डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने असे इंजिन १८९७ मध्ये ऑग्सबर्गला नीट चालवून दाखवले. म्हणजे या इंजिनाला दोनच गोष्टी हव्यात: हवा आणि डिझेल. मात्र प्रत्येकीने आपापल्या वाटेने यायचे. डिझेलच्या वाटेत हवा शिरली तर घोटाळा होतो, कारण द्रव जवळजवळ दबत नाही आणि बुडबुडा मात्र दबतो. पंप जोर लावतो, तो सगळा बुडबुडा दाबण्यात जातो आणि फवारा पडतच नाही.

हे सगळे मला एप्रिलमध्ये सुचले असते तर हा लेख एका परिच्छेदात संपला असता. सुचले नाही. मी काय केले? जे सगळे करतात तेच, म्हणजे सुटे भाग बदलत बसलो. डिझेलचा फिल्टर बदलला. डिझेलमध्ये पाणी असेल म्हणून फिल्टरखालचे पाणी काढायचे बूच उघडून पाहिले, थेंबही नव्हता. मग एका गॅरेजमध्ये दिला. तिथल्या कॉम्प्युटरला दोष दिसेना, कारण दोष नोंदवला जाण्याआधीच तो नाहीसा होत होता. त्यांनी अंदाजाने एक सेन्सर बदलला आणि ६४० डॉलरचे बिल दिले. नऊ दिवस गाडी लोण्यासारखी चालली. मी सौ.ना म्हणालो, "झाला बरा!" दहाव्या दिवशी डेव्हिस ड्राइव्हच्या सिग्नलवरून निघताना उचकी.

या नऊ दिवसांबद्दल थोडे अधिक लिहितो. हिशेब मला येत होता आणि तरी मी फसलो, म्हणून. तोपर्यंत उचकी सरासरी चार दिवसांनी एकदा लागत होती. अशा अनियमित गोष्टीत काहीही दुरुस्त न करता सलग चार दिवस शांत जाण्याची शक्यता शंभरात सदतीस असते. नऊ दिवस शांत जाण्याची शंभरात दहा. म्हणजे सेन्सरऐवजी त्यांनी ट्रकची दृष्ट काढली असती तरी दहातल्या एका वेळी मी "झाला बरा" असेच म्हटले असते. सरासरीच्या तिप्पट काळ, म्हणजे बारा दिवस शांत गेले, तर ही शक्यता शंभरात पाचवर येते. तिथून पुढे थोडा विश्वास ठेवायला हरकत नाही. ऑफिसात आमच्या प्रोग्रॅममध्ये असा कधी दिसणारा कधी लपणारा दोष निघाला तर आम्ही त्याला "हायझेनबग" म्हणतो. पाहायला गेले की गायब! जिम ग्रे नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९८५ च्या एका निबंधात हा शब्द वापरला होता. ऑफिसात असे दोष मी वीस वर्षे शोधतो आहे. पहिला नियम असा की आधी नोंद करायची, मगच हात लावायचा. स्वतःच्या ट्रकपाशी आलो आणि हा नियम विसरलो.

आता अण्णांबद्दल. अण्णा म्हणजे माझे वडील. आमचे गाव पलूसच्या बाजूला, किर्लोस्करवाडीपासून सायकलच्या अंतरावर. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना आणला. त्यामुळे आमच्या भागात नांगर, पंप आणि इंजिन हे शेतकऱ्याच्या बोलण्यातले रोजचे विषय. अण्णांच्या विहिरीवर वीज येण्याआधी डिझेल इंजिन होते. ते चालू करताना हँडल मारायला मी लहानपणी दोन्ही हातांनी लोंबकळलो आहे.

२०२२ मध्ये आई गेली. त्यानंतर आमचे रविवारचे फोन आखडत गेले. "जेवलास का?" "जेवलो. तुम्ही?" "व्हय." "पाऊस?" "हाय थोडा." चार मिनिटांत संपायचे. दोघांनाही बोलायचे असायचे, पण मध्ये आई बोलत असे, ती आता नव्हती.

मे महिन्यातल्या एका फोनवर पाऊसही संपला, म्हणून मी ट्रकचे सांगितले. अण्णा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सकाळी चालू व्हायला येळ घेतीया का?"

मी म्हणालो, "अण्णा, तुमच्या इंजिनासारखं नाही ते. यात सगळं कॉम्प्युटरवर चालतं."

"बरं," म्हणाले. फोन चार मिनिटांतच संपला.

जूनमध्ये मी शहाण्यासारखा वागायला लागलो. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचे एक छोटे यंत्र मिळते, ते लावून फोनवर दाब नोंदवू लागलो. आमच्या ट्रकमध्ये फवाऱ्याआधी डिझेलचा दाब, जोर लावल्यावर, दर चौरस इंचाला वीस हजार पौंडांपर्यंत जातो. (मुलांनो, यासाठीच चालू डिझेल इंजिनाच्या नळ्यांना कधी हात लावायचा नाही. एवढ्या दाबाची बारीक चिळकांडी कातडी भेदून आत जाते.) एका उचकीच्या वेळी कॉम्प्युटरने मागितलेला दाब अठरा हजार होता आणि मिळालेला अकरा हजार. दाब पडतो हे नक्की झाले. पण यंत्राचे काम थर्मामीटरचे: ताप किती ते सांगते, ताप का आला ते सांगत नाही.

दुसरी नोंद धाकटीने ठेवली. सुट्टीत रोज पाच ओळी मराठी लिहायचे असे बाईंनी सांगितले होते आणि तिला विषय सुचत नव्हता. मी म्हटले, ट्रकची वही कर. तिने रकाने पाडले: तारीख, वेळ, ऊन की पाऊस, चढ की सपाट, टाकीत डिझेल किती, ट्रेलर आहे का. शेवटचा रकाना "काय झाले". त्यात पहिल्या दिवशी तिने "उचकी लागली" लिहिले, मग "ठसका लागला", "अडखळला", आणि एकदा नुसते "रुसला". सात आठवड्यांत तेवीस नोंदी झाल्या. एका संध्याकाळी ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, टाकी भरलेली असताना एकदाही नाही." पाहिले तर खरेच. तेवीसपैकी एकोणीस वेळा टाकी अर्ध्याच्या खाली होती. उरलेल्या चार वेळा अर्ध्याच्या जरा वर, आणि चारही वेळा चढ.

माझ्या डोक्यात तोपर्यंत ऊन, पावसाची दमट हवा, मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे सगळ्यावर बसणारी पाइनची पिवळी धूळ, असे नाना संशय होते. टाकीत डिझेल किती हे मी एकदाही पाहिले नव्हते.

आणि मग आठवले, की सकाळी ट्रक चालू व्हायला खरोखरच वेळ लागत होता. किल्ली फिरवल्यावर चार-पाच सेकंद घरघर आणि मग इंजिन पकडायचे. "म्हातारा झालाय" म्हणून मी ते सोडून दिले होते.

त्या रविवारी अण्णांना सांगितले, "हो, वेळ घेतोय सकाळी."

"मग एअर धरतीया की!" अण्णा म्हणाले. "चालू असताना हवा आत घेतीया, रातभर उभी ऱ्हायली की डिझेल मागं टाकीत उतरतंय. आपली इहिरीवरची मोटर बघ. फुटबॉल गळका असला की पाइप मोकळा हुयाचा." (सक्शन पाइपच्या तळाला जो फूट व्हॉल्व्ह असतो त्याला आमच्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात. विहिरीत कोण खेळते असे लहानपणी मला वाटे.)

मी म्हणालो, "पण अण्णा, गळत कुठेच नाही. खाली पुठ्ठा पसरून पाहिलं. एक थेंब नाही."

अण्णा हसले. आई गेल्यानंतर फोनवर मी त्यांचे हसणे ऐकले नव्हते. "अरं, वढायच्या बाजूला गळत न्हाई. तिथं आत घेतंय. भाईर काय दिसणार?"

हे मी बी.ई. होऊनही विसरलो होतो. घरी करून पाहा. ग्लासात सरबत घ्या आणि स्ट्रॉला वरच्या बाजूला टाचणीने भोक पाडा. ओढायला लागा. भोकातून सरबत बाहेर येत नाही, पण तोंडात सरबताबरोबर हवाही येते. आता ग्लास जवळजवळ रिकामा करा आणि परत ओढा. सरबत खोल गेल्यामुळे जोर जास्त लावावा लागतो आणि हवाही जास्त येते. खरे म्हणजे आपण ओढतही नाही. आपण स्ट्रॉमधला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा सरबताला वर ढकलते. तीच हवा भोकातूनही आत घुसते. हवेच्या या ढकलण्याला मर्यादा आहे: पाणी फार तर दहा मीटर वर चढते. म्हणून खोल विहिरीत पंप काठावर न ठेवता आत उतरवून बसवतात.

आमच्या ट्रकच्या टाकीत डिझेल पुढे ढकलणारा पंप नाही. पुढचा पंपच गाडीच्या मध्यावरच्या टाकीतून इंजिनापर्यंत डिझेल ओढतो. टाकी रिकामी होत आली की ओढ जास्त, चढावर नाक वर झाले की आणखी जास्त. धाकटीच्या वहीतले दोन्ही रकाने जुळले.

"जागा कशी शोधायची?" मी विचारले.

"जोडावर शेणकाला लाव. आवाज बदलला की तिथंच भोक."

फोन स्पीकरवर होता. धाकटीने गंभीरपणे विचारले, "आजोबा, कॅरीत शेण कुठे मिळतं?" त्यावर अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. फोन ठेवला तेव्हा चाळीस मिनिटे झाली होती.

शेणाऐवजी मी पारदर्शक नळी आणली. जुलैचा शनिवार होता आणि सकाळी आठलाच घाम निथळत होता. दोष शोधायच्या लांब वाटेचे मधोमध दोन भाग करावेत आणि कोणत्या भागात आहे ते आधी पाहावे, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत फिल्टर मध्ये येतो. पहिल्यांदा फिल्टरच्या आधी पारदर्शक नळी जोडली. (ही ओढायची, कमी दाबाची बाजू. तरीही चष्मा घालून आणि मुलीला दहा फूट लांब उभी करून.) इंजिन चालू केले. नळीतून डिझेल मधासारखे स्वच्छ वाहत होते, बुडबुडा नाही. म्हणजे टाकी आणि मागच्या सगळ्या नळ्या निर्दोष. टाकी उतरवायचे काम वाचले, जे मी आदल्या दिवशी करणार होतो. मग तीच नळी फिल्टरच्या पुढे जोडली. बुडबुडे! सोड्याच्या बाटलीत येतात तसे एकामागोमाग. धाकटी लांबूनच ओरडली, "दिसले! दिसले!" समोरच्या घराचा पडदा हलला. तीन दिवसांनी एचओएकडून ड्राइव्हवेत गाड्या दुरुस्त करू नयेत अशा अर्थाची चिठ्ठी आली, पण ते असो.

दोष फिल्टरच्या डोक्यात होता. तिथे हाताने दाबून डिझेल वर चढवायचा एक छोटा पंप असतो. त्याच्या दांड्याभोवतीची रबरी रिंग कडक होऊन तिला बारीक चीर गेली होती. खात्री करायला त्यावर बोटभर ग्रीस थापले, बुडबुडे थांबले. हा आमचा शेणकाला. रिंगांचा संच चार डॉलरला मिळाला. बसवायला दीड तास लागला, त्यातला एक तास खाली पडलेला स्क्रू शोधण्यात.

"झाला बरा" असे या वेळी म्हटले नाही. बारा दिवस मोजले, आणि बाराही दिवस टाकी मुद्दाम अर्ध्याखाली ठेवली. सकाळी किल्ली फिरवली की पहिल्या सेकंदाला चालू. वहीत धाकटीने बारा वेळा "काही नाही" लिहिले. तेराव्या दिवशी कंटाळून लिहिले, "आज पण काही नाही, आता मी दुसऱ्या विषयावर लिहू का?"

गणपतीचे स्टेज ट्रकनेच गेले. ओल्ड फोर्टच्या चढाची परीक्षा मात्र लांबली. २७ सप्टेंबर २०२४ ला हेलीन वादळाच्या पुराने त्या सगळ्या भागाची दैना केली, तिथे सहलीला जाण्याचे मन होईना. २०२५ च्या उन्हाळ्यात गेलो. ट्रेलर मागे होता, टाकी पाव, पुढे सौ., मागे त्याच दोघी. चढ सुरू झाल्यावर गाडीत कुणी बोलेना. रिजक्रेस्टची पाटी आली तेव्हा सौ.नी पर्समधून चकलीचा डबा काढला आणि पहिली चकली मला दिली.

त्याच्या पुढच्या रविवारी अण्णांना सांगितले, की घाट चढला, एकदाही अडखळला नाही. "बरं झालं," म्हणाले. मग दोघेही गप्प. पाऊस विचारून झाला. "आता काय बिघडलं न्हाई न्हवं?" अण्णांनी विचारले.

"नाही, आता सगळं ठीक आहे," असे मी म्हणतच होतो, तेवढ्यात धाकटीने फोन ओढून घेतला. "आजोबा, आमचं गवत कापायचं मशीन चालूच होत नाहीये. बाबा दोरी ओढून ओढून दमले."

"अस्सं?" तिकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "त्यात पेट्रोल कवाचं हाय?"